कुडाच्या घराचा उन्हाळी वास्तू-अभ्यास

कुडाच्या घराचा उन्हाळी वास्तू-अभ्यास म्हणजे सुट्टीच्या काळात पारंपरिक घराचे निरीक्षण, मोजमाप व रेखाटन करून वास्तुकलेची मूलतत्त्वे जाणून घेणे होय. भारतात वास्तुकलेचा पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा असला, तरी भार, हवामान आणि प्रमाण या त्यातील पायाभूत संकल्पना अशा घरातही समजून घेता येतात. पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील जामसर व लगतच्या मोखाडा भागात वारली, कोकणा आदी आदिवासी समाजांची वस्ती असून कुडाचे घर ही या प्रदेशाची परंपरागत गृहरचना आहे.

रचना

जमिनीत रोवलेल्या, वरच्या टोकाला दुबेळके असलेल्या लाकडी खांबांना मेढी म्हणतात. मेढींवर आढे टेकते व आढ्यावरून वासे उतरतात. छपराचा भार याच मार्गाने जमिनीत पोहोचतो. कारवीच्या काठ्यांचा, माती व शेणाने लिंपलेला कूड हा केवळ आडोसा असतो. त्यावर छपराचा भार नसतो. खांब-तुळयांच्या सिमेंट काँक्रीटच्या इमारतीतील विटांच्या भिंतींचे कार्यही असेच असते.

हवामानाशी संबंध

तीव्र उतारामुळे छपरावरील पाणी लवकर निथळते. खाली झुकलेल्या वळचणीमुळे मातीच्या कुडाचे पावसापासून रक्षण होते आणि उन्हाळ्यात सावली मिळते. पावसाळ्यापूर्वी शाकारणी करताना छपराचे जुने आच्छादन काढले जाते. त्या वेळी एरवी झाकलेला सांगाडा व त्याचे सांधे दिसतात. म्हणून उन्हाळा हा या अभ्यासाला विशेष अनुकूल काळ आहे.

अभ्यासपद्धती

घरातील कुटुंबाची परवानगी घेऊन प्रथम हाताने कच्चे रेखाटन करतात व त्यावर टेपने घेतलेली मापे नोंदवतात. कोपरा काटकोनात आहे का, हे तपासण्यासाठी त्याच्या एका बाजूवर ३ मीटर व दुसऱ्या बाजूवर ४ मीटर अंतर मोजतात. त्या दोन बिंदूंमधील अंतर ५ मीटर भरल्यास कोन ९० अंशांचा असतो. त्यानंतर तलचित्र, छेदचित्र व दर्शनी चित्र काढतात. १:५० या प्रमाणात ६ मीटरची भिंत कागदावर १२ सेंटिमीटर येते.

महत्त्व

विटा, सिमेंट व पत्रा यांच्या वाढत्या वापरामुळे कुडाची घरे कमी होत आहेत. त्यांचे बांधकामज्ञान मुख्यतः मौखिक व प्रत्यक्ष कामातून पुढे आलेले आहे. त्यामुळे विद्यार्थ्याने काढलेले मोजणीचित्र घर मोडल्यानंतर त्याच्या रचनेची एकमेव लेखी नोंद ठरू शकते.