तहान लागण्याआधी पाणी?

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. त्याहून लांब धावण्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात आणि ती डोंगरवाटेने धावली की ‘ट्रेल’. हे वेड मला चोपन्नाव्या वर्षी लागले. आठ महिने रोज पहाटे अजिंक्यतारा चढलो-उतरलो, रविवारी यवतेश्वरचा घाट केला आणि गेल्या डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा या ५३ किलोमीटरच्या शर्यतीला उभा राहिलो. ‘डॉक्टर तीन गड पळणार’ हा बोभाटा दवाखान्यात आधीच झाला होता.

मला भीती एकच होती, अंगातले पाणी कमी होण्याची. उन्हाळा आला की ‘तहान लागायची वाट पाहू नका, पाणी पीत राहा’ असे रुग्णांना सांगण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. तेच स्वतःला लावले. दर पंधरा मिनिटांनी घोट आणि प्रत्येक पाणवठ्यावर पेलाभर. हवा थंड होती, माझा वेगही बेताचाच होता, तरी पीत राहिलो.

सिंहगड उतरून विंझरच्या बाजूने पुढे निघालो तेव्हा बोटातली अंगठी रुतू लागली. पोट डबडबले, मळमळू लागले. मी समजलो, पाणी कमी पडतेय, आणि आणखी प्यालो! दुपारी एकच्या सुमारास राजगडाच्या पायथ्याशी पोहोचलो तर डोके ठणकत होते. तिथला स्वयंसेवक मुलगा म्हणाला, “काका, जरा बसा. तुमचं बोलणं अडखळतंय.”

“अरे, मी डॉक्टर आहे.”

“मग तर बसाच.”

बसलो. वैद्यकीय तंबूत वजनकाटा होता. पहाटे माझे वजन ६८ किलो होते. आठ तास धावून ते घटायला हवे होते, भरले साडेएकोणसत्तर! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी कोरडा पडलो नव्हतो, तुंबलो होतो.

वाचकहो, हे काय असते ते समजून घ्या. रक्तात सोडियम साधारण लिटरला १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असते. दीर्घ श्रमात मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावणारे संप्रेरक वाढते, त्यामुळे लघवी कमी होते. अशा वेळी तहानेपेक्षा जास्त पाणी प्यायले की रक्तातले सोडियम पातळ होते आणि मेंदूला सूज येऊ लागते. डोकेदुखी, उलटी, भ्रम, झटके, बेशुद्धी अशी पुढची पायरी असते. माणूस दगावतोही. नुसती बोटे सुजणे तसे अनेक धावपटूंत दिसते. पण त्याच्या जोडीला वजन वाढले आणि बोलणे बिघडले, तर तो इशारा समजावा.

हा प्रकार दुर्मिळ नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. त्यात १३ टक्के लोकांचे सोडियम कमी निघाले. वजन वाढणे हीच त्यातली मोठी खूण होती.

राजगड समोर उभा होता. वेळेची मर्यादा अजून संपली नव्हती. पाय चांगले होते. ‘आता पाणी बंद करतो आणि हळूहळू चढतो’ असे मन सांगत होते. पण माझ्या जागी एखादा रुग्ण असता तर मी त्याला चढू दिले असते का? मी छातीवरचा क्रमांक काढून दिला. पाणी बंद केले, खारे शेंगदाणे खाल्ले, डॉक्टरांच्या नजरेखाली बसून राहिलो. दीड तासाने भरपूर लघवी झाली आणि डोके हलके झाले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पहिला प्रश्न तोच. “डॉक्टर, गड झाले का?” म्हटले, “एक झाला.”

तुमच्यापैकी कोणी पहिल्यांदा इतके लांब धावणार असेल, तर एवढे ध्यानात ठेवावे. तहान लागेल तसेच प्यावे, घड्याळ बघून नव्हे. क्षारयुक्त पेयही अति झाले तर हेच होते. सरावाच्या दिवशी आधी आणि नंतर वजन करावे. थोडे घटणे ठीक, वाढणे वाईट. धावताना वेदनाशामक गोळी घेऊ नये, मूत्रपिंडांवर ताण येतो. लघवी काळ्या चहासारखी झाली तर थेट रुग्णालय गाठावे. आणि कोणी धावपटू भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून त्याला घाईने पाणी पाजू नये किंवा साधे सलाईन लावायचा आग्रह धरू नये. आधी रक्तातले सोडियम तपासावे लागते. ते कमी असेल तर उपचार वेगळा असतो आणि तो रुग्णालयातच व्हावा.

येत्या डिसेंबरात मी पुन्हा जाणार आहे. सरावाला अजिंक्यतारा आहेच. या वेळी वजनकाटाही दाराशी ठेवला आहे.