परळ ते बार्शी

जून १९३१मध्ये लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी पत्नीच्या नावाने न्यास केला, ल्युकेमियाच्या संशोधनासाठी; आणि त्याच वर्षी तेही गेले. दोराबजींच्या स्वतःच्या नावाच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू केले.

पण दानाने इमारत उभी राहते. वर्षानुवर्षांचे पगार, यंत्रे, प्रयोगशाळा त्यावर चालत नाहीत. सरकार आले ते इथे. १९५२मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले, डॉ. वसंत खानोलकर संचालक झाले. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी तिथेच देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९५७मध्ये रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेले, १९६२मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. कर्करोग अणुऊर्जेकडे कशाला, असे अनेकांना वाटते. पण किरणोपचार त्याच विद्येतला. १९६६मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एक झाले.

मला मात्र या साऱ्या प्रवासात सर्वांत मोलाचे वाटते ते बार्शी. १९८७मध्ये तिथे ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातल्या बाईला कर्करोग झाला हे तोवर कागदावर येतच नव्हते. गावोगाव फिरून, माणसांशी बोलून ते आणावे लागले. त्याच पायावर पुढे उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी चाचणी झाली. पैसा बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनचा, आखणीत जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था, अंगमेहनत टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाची. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रिया त्यात होत्या. २००९मध्ये निष्कर्ष आला: आयुष्यात एकदाच एचपीव्ही या विषाणूची तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. मराठवाड्यातल्या त्या बायाबापड्यांमुळे जगाला हे कळले.

संशोधनापुरते दान पुरले, सरकारी संस्थेने ते तडीस नेले. पुढचे काम, ती तपासणी घरोघरी पोचवणे, कुठल्याही न्यासाच्या आवाक्यातले नाही. ते सरकारचेच, आणि तिथे आपण कमी पडलो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या अवघ्या १.९ टक्के.