कोल्हापूरचा चषक आणि बंदुकीची दारू



सरे परगण्यात वोकिंगजवळ बिस्ली नावाचे गाव आहे. तिथे १८९० पासून नॅशनल रायफल असोसिएशनचे नेमबाजीचे मैदान आहे. दर जुलैत तिथे मोठी स्पर्धा भरते आणि त्यातल्या एका सांघिक सामन्याचे नाव आहे ‘कोलापोर’. हो, हे आपले कोल्हापूरच! छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला आले होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या राजांच्या नावाचा हा चषक त्याच सुमाराचा.

या सामन्यात आठ जणांचा संघ ३००, ५०० आणि ६०० यार्डांवरून नेम धरतो. अशा सामन्यांत सर्वांना एकाच प्रकारची काडतुसे देण्याची प्रथा आहे. त्यामुळे कस लागतो तो नेमबाजाचा, काडतुसाचा नाही. पण इतर काही प्रकारांत, विशेषतः १००० यार्डांच्या पुढे, बरेच जण काडतुसे स्वतः भरतात. मग प्रश्न येतो: दारू कोणती चांगली? (बंदुकीची म्हणतोय मी!)

फरक कशाने पडतो?

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी नळी, ठिणगी देणारा प्रायमर, दारू आणि गोळी. दारू स्फोटासारखी एकदम फुटत नाही, ती भराभर जळते. कोणती किती वेगाने जळते, यावर गोळीचा वेग ठरतो. प्रत्येक गोळीचा वेग सारखा राहिला तर नेम जमतो. नेहमीच्या .३०८ रायफलमध्ये सेकंदाला १० फुटांचा फरक पडला, तर ३०० यार्डांवर तो जाणवतही नाही. १००० यार्डांवर मात्र गोळी सुमारे तीन इंच वर-खाली जाते. शिवाय काही प्रकारच्या दारूचा वेग हवेच्या उष्म्याबरोबर जास्त बदलतो. मार्चच्या गारठ्यात जमलेले गणित जुलैच्या उन्हात चुकते ते यामुळे.

तुलना कशी करावी?

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रायफल, गोळी, नळी, प्रायमर तेच ठेवून फक्त दारू बदलायची. दोन्ही प्रकार एकाच दिवशी, आलटून पालटून झाडायचे, म्हणजे वारा आणि तापलेली नळी दोघांच्या वाट्याला सारखी येते.

सगळ्यात मोठी फसगत होते ती तीन गोळ्यांच्या चाचणीत. इथे शितावरून भाताची परीक्षा होत नाही! त्याच काडतुसांच्या दहा गोळ्या झाडल्या, तर लक्ष्यावरचा पसारा तीन गोळ्यांच्या सरासरी दीडपटीहून जास्त भरतो. तीन गोळ्या एकमेकींना चिकटून बसल्या, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. म्हणून प्रत्येक दारूच्या निदान दहा-दहा गोळ्या, त्याही दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी झाडाव्यात. दारूचे माप नेहमी उत्पादकाच्या तक्त्यातूनच घ्यावे. तिथे अंदाज जिवावर बेततो.

इथल्या नेमबाजांवर आलेली वेळ

हा खटाटोप हौसेचा वाटेल, पण २०१८ च्या सुमारास तो अनेकांवर येऊन पडला. युरोपच्या रसायनविषयक नियमांमुळे ‘वारगेट’सारख्या लोकप्रिय दारू इथल्या दुकानांतून गेल्या, कारण त्यांत एक निर्बंधित रसायन होते. वर्षानुवर्षे जमवलेली मापे वाया गेली. फिनलंडची ‘विहटावुओरी’ किंवा स्वित्झर्लंडची ‘रीलोड स्विस’ घेऊन लोकांना पुन्हा पहिल्यापासून चाचण्या कराव्या लागल्या. ज्यांनी जुन्या चाचण्यांची नीट वही ठेवली होती, त्यांचे काम सोपे झाले.

ऑलिंपिकच्या .२२ रायफलची काडतुसे घरी भरता येत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच जातीच्या रायफलने. तिथे नेमबाज कारखान्यातले वेगवेगळे गट आपल्या रायफलमधून झाडून पाहतात आणि त्यातला उत्तम तो निवडतात. तुलनेचा नियम तिथेही हाच.

इथे रायफल बाळगायला पोलिसांचा परवाना लागतो, पाहायला लागत नाही. जुलैत मुलांना घेऊन बिस्लीला एक चक्कर जरूर मारा, आणि कोलापोर म्हणजे कोणते गाव ते त्यांना सांगा!