उडता चतुर टिपताना

गणपतीच्या सुमारास पावसाने उघडीप दिली की माळावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालू लागतात. हा पँटाला फ्लेव्हेसेन्स. भारतातून निघालेले हे चतुर मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातात, असे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. देखणा आणि सर्वत्र दिसणारा असला, तरी फोटोचे पहिले धडे याच्यावर गिरवू नयेत. तो क्वचितच बसतो आणि पुढच्या क्षणी कुठे वळेल याचा नेम नसतो.

कोणाच्या मागे लागावे?

खरे तर कोणाच्याच नाही. चतुराच्या डोळ्यांत जवळजवळ ३० हजार भिंगे असतात आणि त्याला बहुतेक सगळ्या दिशांचे दिसते. तुम्ही एक पाऊल टाकलेत की तो दोन हात लांब. त्यापेक्षा तळ्याकाठी काडीच्या टोकावर बसणारा नर शोधा. तो चिलटावर झेप घेतो आणि बहुधा त्याच काडीवर परत येतो. दुसरा पर्याय गस्त घालणाऱ्या नराचा. आपल्या हद्दीत तो काठाच्या ठरावीक पट्ट्यातून ये-जा करतो आणि मध्येच क्षणभर हवेत थबकतो. ऊन पाठीशी घेऊन स्वस्थ उभे राहा, चार फेऱ्या नुसत्या बघा. थबकण्याची जागा कळली की अर्धे काम झाले.

फोकस आधीच लावून ठेवा

ऑटोफोकस चतुराला सोडून मागचे गवत पकडतो. म्हणून काडीवर किंवा थबकण्याच्या जागेइतक्या अंतरावर हाताने फोकस लावा आणि बर्स्ट सुरू ठेवा. ३०० मिमी लेन्स, एफ/८ आणि अडीच मीटर अंतर असेल, तर एपीएस-सी कॅमेऱ्यावर सुस्पष्ट पट्टा जेमतेम दोन सेंटिमीटरचा मिळतो. पंखांचा पसारा सात-आठ सेंटिमीटर! तेव्हा बाजूने टिपताना डोळा आणि धड स्वच्छ आले की समाधान मानावे. चारही पंख टोकापर्यंत रेखीव हवे असतील तर चतुर वरून किंवा खालून दिसायला हवा, आणि तसा योग रोज येत नाही.

शटरचा हिशेब

चतुर सेकंदाला साधारण ३० वेळा पंख मारतो. एका फडफडीत पंखाचे टोक वर-खाली मिळून आठेक सेंटिमीटर फिरते असे धरले, तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर होतो. १/१००० सेकंदात ते टोक अडीच मिलिमीटर सरकते, म्हणजे फोटोत फरांटाच उमटतो. १/४००० ला हे सरकणे पाऊण मिलिमीटरच्या आत येते. त्यासाठी भरपूर ऊन हवे, आयएसओही चढवावा लागतो. माझ्या मते १/२००० पुरे. पंखांची टोके किंचित पुसट राहिली तर चतुर उडतोय हे कळते; अगदी गोठवलेला चतुर टाचणीने टोचल्यासारखा वाटतो.

इलेक्ट्रॉनिक शटर मात्र जपून वापरा. अनेक कॅमेऱ्यांत त्यात चित्र ओळीओळीने नोंदले जाते, तेवढ्यात पंख हलतो आणि वाकडातिकडा उमटतो. मेकॅनिकल शटर असेल तर तेच बरे.

पंख बघून काय कळते?

चतुराची पुढची आणि मागची जोडी स्वतंत्रपणे हलते. हवेत थबकताना पुढचे पंख वर तर मागचे खाली, असे आलटून पालटून चालते. एकदम वेग घ्यायचा असला की चारही जवळजवळ एकत्र हलतात. बर्स्टमधले फोटो ओळीने लावून पाहिलेत तर थबकणे कुठे संपले आणि झेप कुठे सुरू झाली, ते नेमके दाखवता येते.

अंडी घालणारी मादी

नवख्याला सगळ्यात सोपी संधी हीच. मादी पोटाचे टोक पाण्याला टेकवत त्याच त्या जागी घुटमळते, आणि काही जातींत नर वर पहारा देत राहतो. तळ्यावर गाडी घेऊन गेलात तर ती सावलीत लावा. गडद रंगाच्या चकचकीत टपावरून परावर्तित होणारा प्रकाश या कीटकांना पाण्यासारखा भासतो आणि माद्या तिथेही अंडी घालू पाहतात.