पडायची भीती आणि उठायची कला

इस्रायलचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन गुरियन समुद्रकिनारी डोकं खाली, पाय वर करून उभे आहेत, हा १९५७चा फोटो इथे बहुतेकांनी पाहिलेला असतो. सत्तरी गाठलेल्या या माणसाला शीर्षासन शिकवणारे गृहस्थ म्हणजे मोशे फेल्डेनक्राइस.

फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) मूळचे इंजिनीअर आणि ज्युदोचे ब्लॅक बेल्ट. पॅरिसला जोलिओ-क्युरींच्या प्रयोगशाळेत काम केलेले. त्यांचा गुडघा अधू झाला, तेव्हा आपण चालतो तरी कसे, हे ते स्वतःवरच तपासू लागले. त्यांच्या लक्षात आलं, की गुडघा एकटा चालत नाही. पाठ, मान, श्वास, मनातली भीती, सगळं मिळून माणूस हलतो. मग शिकवायचं तेही सगळ्याला एकत्रच.

माझी आई बेने इस्रायली, अलिबागकडची. आता अश्दोदला माझ्याजवळ असते. गेल्या वर्षी ती घरात पडली. हाड मोडलं नाही, पण धास्ती बसली. आधी जमिनीवर बसणं सुटलं, मग जिना, मग बाजार, शेवटी सिनेगॉगसुद्धा.

म्हणून तिला फेल्डेनक्राइस पद्धतीच्या वर्गाला नेलं. तिथे शिक्षिका करून दाखवत नाही, नुसती सांगते. पाठीवर झोपा, गुडघा थोडा बाजूला झुकवा, बरगड्या कुठे हलतात बघा. "लेआत, लेआत," म्हणजे सावकाश. दुखायच्या आत थांबा, विसावा घ्या. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "हे काय गं, पैसे देऊन लोळायचं?"

पण त्या लोळण्यातूनच कुशीवर वळणं, कोपरावर येणं, हातावर भार घेणं असं एकेक जमत गेलं. उठायला नुसती ताकद लागत नाही, अंगाचा भार कुठून कुठे न्यायचा ते कळावं लागतं. चार महिन्यांनी ती चटईवर बसून मेथी निवडत होती. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे, येते मी उठून."

हा औषधोपचार नव्हे. कुणी पडलं, तर आधी डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण त्यानंतर आपण घरच्या वडीलधाऱ्यांना दिवसभर "जपून, जपून" एवढंच म्हणत राहतो. त्याने भीती वाढते आणि हालचाल आणखी कमी होते. त्यापेक्षा जाणत्या माणसाकडून त्यांना जमिनीवरून उठायला शिकवा. पडलो तरी उठता येतं, हे ठाऊक असलेला माणूस घराबाहेर पडायला कचरत नाही.