अर्जाबरोबर आपलं कामही दाखवा!

मैत्रिणींनो, साडीच्या दुकानात दुकानदार कितीही गुण गाऊ दे, पदर उलगडून पाहिल्याशिवाय आपण साडी घेतो का? मग नोकरीचा अर्ज करताना आपणच आपली घडी का बरं मोडत नाही?

हा प्रश्न माझा नव्हे, माझ्या सासूबाईंचा!

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. धाकटी शाळेत जाऊ लागली, दोघांच्या फीचा आकडा वाढला आणि मी नोकरीचं मनावर घेतलं. बी. ए. होऊन बारा वर्षं झालेली. अर्जातल्या ‘अनुभव’ या रकान्याशी पेन अडलं. आठ वर्षं घरी शेजारपाजारची मुलं शिकवत होते, पण त्याचा दाखला कोण देणार? शेवटी तिथे आडवी रेघ मारली. त्या अर्जाला उत्तरसुद्धा आलं नाही. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, आठ वर्षं ओसरी भरून मुलं बसायची, ती काय हवा खायला? काय शिकवलंस ते दाखव की लोकांना!”

मी उत्साहाने फाइल केली. कॉलेजातलं वक्तृत्वाचं प्रमाणपत्र, रांगोळीचं बक्षीस, स्नेहसंमेलनाचे फोटो... पानं झाली बेचाळीस! मुलाखतीला बसलेल्या बाईंनी तीन पानं उलटली आणि फाइल बाजूला ठेवली. घरी येईपर्यंत डोळ्यांतलं पाणी कसंबसं थोपवलं. रात्री मात्र शांतपणे विचार केला. त्यांना शिकवणारी बाई हवी होती. माझ्या रांगोळीचं त्यांनी काय करायचं?

पुढे वाचनात आलं, की लिओनार्दो दा व्हिंचीनेसुद्धा नोकरीसाठी पत्र लिहिलं होतं. १४८२ च्या सुमारास, मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला. एवढा मोठा चित्रकार, पण पत्रात आधी काय? हलके पूल, तोफा, वेढ्याच्या युक्त्या! चित्रकला अगदी शेवटी. राज्यकर्त्याला काय हवं असेल ते ओळखूनच त्याने लिहिलं. शिवाय यातलं काही अशक्य वाटलं, तर करून दाखवायला तयार आहे, असंही सांगितलं. आपण यातून एवढंच घ्यायचं : त्यांची गरज आधी, आपली हौस नंतर.

दुसऱ्या फाइलमध्ये मी आठच पानं ठेवली. पहिल्या पानावर अनुक्रमणिका. मग एका आठवड्याच्या पाठाचं टाचण, काड्यापेट्यांच्या अक्षरखेळाचा फोटो आणि एका मुलाच्या वहीची दोन पानं, एक जूनमधलं, एक सप्टेंबरमधलं. त्याच्या आईला विचारून घेतलं होतं आणि मुलाचं नाव झाकलं होतं. प्रत्येक नमुन्याखाली दोन-तीन ओळी : काय अडचण होती, मी काय केलं, काय फरक पडला.

एक पान फसलेल्या कामाचंही ठेवलं. गोष्टीची चित्रं मी इतकी लहान काढली होती, की मागच्या मुलांना दिसेचनात. मग ती मोठी करून पुन्हा काढली. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. मुख्याध्यापिका नेमक्या त्याच पानावर थांबल्या आणि आमच्या गप्पा सुरू झाल्या. त्या बालवाडीत आज मी अर्धा दिवस शिकवते. पगार बेताचाच आहे, पण रकान्यात आता रेघ मारावी लागणार नाही.

तुमचं काम वेगळं असेल, तर नमुनेही वेगळे. शिवणकाम करत असाल, तर काज, तुरपाई, गळपट्टी यांचे छोटे तुकडे कागदावर टाचा आणि लागलेला वेळ लिहा. हिशेब लिहीत असाल, तर कुणाच्या दुकानाची खरी वही दाखवू नका. काल्पनिक आकड्यांची एक महिन्याची वही तयार करा. चारचौघींनी मिळून केलेल्या कामात आपला वाटा कोणता, तेही स्पष्ट लिहा. दुसरीचं काम आपलं म्हणून दाखवलं, तर दोन प्रश्नांतच बिंग फुटतं!

आणखी काही लहानसहान गोष्टी. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढावा. अर्जाच्या शेवटी ‘सोबत : कामाचे नमुने, पाने ८’ असं जरूर लिहावं, नाहीतर कागद सुटे होऊन हरवतात. मूळ कागद कधीच देऊ नये, झेरॉक्स द्यावी. मोबाइलवरून किंवा ई-मेलने पाठवायचं असेल, तर सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घालून तिला आपलं नाव द्यावं. दहा सुटे फोटो पाठवले, तर बघणाऱ्याला कंटाळा येतो. जाहिरातीत ‘इतर कागद जोडू नयेत’ असं असेल, तर जोडू नयेत. मुलाखतीला पिशवीत घेऊन जावेत.

एक मात्र ध्यानात असू द्या. फाइल म्हणजे पदवी नव्हे. पहिली ते आठवीच्या शिक्षकपदासाठी ठरावीक प्रशिक्षण आणि टीईटी लागते. तिथे नुसत्या नमुन्यांवर भागत नाही. आणि ‘नमुना म्हणून’ कुणी आठवडाभराचं काम फुकट करून मागितलं, किंवा नोकरीसाठी आधी पैसे भरायला सांगितले, तर सरळ नमस्कार करून घरी यावं.

आज दुपारी झाकपाक झाली, की कपाटातला तो जुना गठ्ठा खाली काढा. पंधरा गोष्टी निघाल्या तर सातच निवडा. निवडताना जीव तुटेल, माझाही तुटला होता. पण उरलेल्या सात गोष्टी तुमच्याविषयी नीट बोलतील.