केवडा ही बुरशी नव्हे

ऑक्टोबर छाटणी उरकली की नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला दोन रोगांची धास्ती असते, भुरीची आणि केवड्याची. केवड्याला बागेत ‘डाऊनी’ही म्हणतात. दोन्हींचा पांढरा थर पानावर दिसतो आणि दोन्हींना सर्रास बुरशीच म्हटले जाते. औषधे मात्र वेगळीच साक्ष देतात. हेक्झाकोनॅझोल बुरशीच्या पेशीपटलातले एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. त्याने भुरी आटोक्यात येते; केवडा दाद देत नाही, कारण तो एर्गोस्टेरॉल बनवतच नाही. मेटॅलॅक्झिलचे उलटे आहे: ते केवड्याच्या आरएनए-निर्मितीवर घाव घालते आणि भुरीला काहीच करत नाही. केवड्याचा कर्ता प्लास्मोपॅरा व्हिटिकोला. त्याची पेशीभित्तिका प्रामुख्याने ग्लुकन आणि सेल्युलोजची असते, आणि ओल्या पानावर त्याचे चलबीजाणू दोन कशाभिकांच्या जोरावर पोहतात. जनुकांनी मांडलेल्या वंशावळीत तो समुद्रातल्या तपकिरी शैवालांचा भाऊबंद ठरतो; खरी बुरशी त्याच्यापेक्षा प्राण्यांना, म्हणजे आपल्याला, कितीतरी जवळची आहे. अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकात मात्र मोहरीवर वाढणारा अल्बुगो हा केवड्याचाच सगोत्र कवकांत दाखवलेला आहे.

ही चूक एका उदाहरणापुरती नाही. तिचे मूळ वर्गीकरणाच्या चौकटीतच आहे. अर्न्स्ट हेकेलने 1866 साली ‘प्रोटिस्टा’ ही तिसरी सृष्टी मांडली आणि रॉबर्ट व्हिटेकरच्या 1969 च्या पंचसृष्टी पद्धतीने ती शाळाशाळांत पोहोचवली. दृश्यकेंद्रकी, बहुतेक एकपेशीय आणि प्राणी, वनस्पती, कवक यांपैकी कशातही न बसणारे जे उरले ते प्रोटिस्टा, असा तिचा व्यवहार झाला. उरलेल्यांचे कूळ एक असेलच असे नाही, आणि ते नाहीच. हिरव्या युग्लीनाचे नाते शैवालांपेक्षा काळा आजाराच्या लीशमॅनियाशी जवळचे आहे. युग्लीनाने हरितलवक एका हिरव्या शैवालाला गिळून मिळवले. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या उजळवणारा नॉक्टिल्युका आणि हिवतापाचा प्लास्मोडियम एकाच शाखेतले. प्लास्मोडियमच्या पेशीत तर चार पटलांनी वेढलेला, लाल शैवालाकडून आलेला लवक अजून आहे. 1996–97 मध्ये त्याची ओळख पटली, आणि जिवाणूंवरचे डॉक्सिसायक्लिन हिवतापावर का चालते, याचा उलगडा झाला: मुळात जिवाणूपासून आलेल्या या लवकाची प्रथिननिर्मिती ते थांबवते. कॉलर असलेले कोॲनोफ्लॅजेलेट्स हे एकपेशीय जीव तर प्राण्यांचे सर्वांत जवळचे नातलग आहेत. माझे म्हणणे एवढेच, की ज्या सृष्टीतले काही सभासद परस्परांपेक्षा आपल्याला जवळचे आहेत, तिला सृष्टी म्हणता येत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. नवी वंशावळही स्थिर कुठे आहे? क्रोमॲल्व्हिओलेटा हा महागट मांडला गेला आणि मोडलाही. एक्स्कॅव्हेटाचेही तेच होत आहे. हे खरेच आहे. पण वाद सर्वांत खोलच्या, दीड अब्ज वर्षांच्या आसपासच्या फाट्यांविषयी आहे. केवडा तपकिरी शैवालांच्या शाखेतला आहे, युग्लीना लीशमॅनियाच्या, याविषयी वाद उरलेला नाही, आणि वर्गात शिकवायचे ते हेच. मुलांना पाच सृष्टी सोप्या जातात, हा दुसरा आक्षेप तितका वजनदार नाही. चार-पाच मोठ्या शाखा शिकणे त्याहून अवघड नाही. राहिला प्रश्न ‘प्रोटिस्ट’ या नावाचा. ते खुशाल वापरावे. आंबा आणि माड दोन्हींना आपण झाड म्हणतो, म्हणून कोणी त्यांना एका कुळात बसवत नाही. प्रोटिस्ट हेही तसेच राहणीचे नाव समजावे.

या जीवांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2005, 2012 आणि 2019 साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणांत प्रोटिस्टा नावाची सृष्टी नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांच्या पुढच्या आवृत्तीतूनही ती जावी, आणि अल्बुगोला कवकांच्या प्रकरणातून बाहेर काढून सुरुवात करावी.